पाटीमागचा माणूस

"हा सरळसरळ घातपात आहे," वकील म्हणाला आणि वरच्या बर्थवरून उतरताना त्याने चिमटीच्या उशीवर पाय दिला. उशीवर चिमटीचं डोकं होतं.

घरात मोठ्यांनी काहीही ठरवलं की त्याची दुसरी बाजू मांडायची, ही तेरा वर्षांच्या त्या मुलाची खोड, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. चिमटी त्याची धाकटी बहीण. वादात हरायला लागली की ती बोटांनी उत्तर द्यायची. आत्ताही तिने दिलं. वकील पोटरी धरून केबिनभर नाचला. केबिन एवढीशीच असल्यामुळे तो नाच लवकर आटोपला.

समोरच्या बर्थवर मुंगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती या दोघांची मावसबहीण, दहा वर्षांची, बोलायला कमी आणि एकदा धरलेली वाट न सोडणारी. एरवी ती हसली असती. आज हसली नाही.

मुंगीची आई, म्हणजे या दोघांची मावशी, या जहाजावर पर्यावरण अधिकारी होती. सुट्टीत तिघांना घेऊन यायची परवानगी तिने मिळवली, म्हणून ही स्वारी समुद्रावर आली होती. केबिनला खिडकी नव्हती, पण लिफ्टचा आवाज भरपूर होता.

मावशीने या सफरीसाठी एक योजना आखली होती. हे जहाज समुद्राचं पाणी गोड करून स्वतःचं पिण्याचं पाणी स्वतः तयार करत असे, सगळ्यांना पुरून उरेल इतकं. तरीही प्रवासी सीलबंद प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी प्यायचे आणि बाटल्यांचे डोंगर साचायचे. म्हणून मावशीने प्रत्येक प्रवाशाला जहाजावर पाय ठेवताक्षणी एक सुरेख स्टीलची बाटली दिली आणि प्रत्येक मजल्यावर थंड पाण्याचा नळ बसवून घेतला. सफर संपेपर्यंत बाटल्यांचा कचरा निम्म्यावर आला, तर कंपनी तिला जमिनीवरच्या कार्यालयात नोकरी देणार होती.

कंपनीच्या दृष्टीने ही एक बदली होती. मुंगीच्या दृष्टीने आई रोज संध्याकाळी घरी येणार होती. आजवर आई वर्षातला बहुतेक काळ कुठल्या ना कुठल्या जहाजावर असे आणि मुंगी आजोबांकडे. आई फोनच्या पडद्यावर दिसायची. समुद्रात मध्येच संपर्क तुटला की आईचा चेहरा अर्ध्या वाक्यात, उघड्या तोंडाने थिजायचा, आणि ते वाक्य पुढे कधीच पूर्ण व्हायचं नाही.

कचरा निम्म्यावर आला नाही. तो वाढला.

त्या सकाळी मावशी बैठकीतून परतली आणि तिने दोनदा तोंड धुतलं. डोळ्यांत साबण गेला म्हणाली. दोन्ही वेळा का, असं वकिलाने विचारणार तेवढ्यात चिमटीने त्याला चिमटा काढला. बैठकीच्या खोलीच्या दाराला चिमटीचा कान अगदी योगायोगाने लागलेला होता, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. खानपान व्यवस्थापक म्हणाले होते की योजनाच चुकीची आहे. कप्तानबाईंनी निकाल दिला होता की उद्या दुपारी प्रवाशांबरोबरच्या चहापानात त्या योजना संपल्याचं जाहीर करतील. मावशीला पुढच्या बंदरात उतरून पुन्हा मालवाहू जहाजावर जावं लागणार होतं. तिथे तर फोनही लागत नसे.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," वकील म्हणाला. "कोणीतरी मुद्दाम करतंय हे. आपण चोर शोधायचा."

"आणि चोर नसलाच तर?" मुंगीने विचारलं.

वकिलाने बूट चढवले.

तिघं जहाजाच्या पोटातल्या कचराखोलीशी आली. खोली केव्हाच भरली होती. रिकाम्या बाटल्यांच्या फुगलेल्या पोत्यांची रांग बोळातून निघून जिन्याच्या पायऱ्या चढू लागली होती, जणू त्यांनाही वर जाऊन हवा खायची होती. बाटल्या दाबायचं यंत्र तापून बंद पडलं होतं. जहाज हललं की पोती एकमेकांवर घासत आणि सगळा बोळ कुजबुजल्यासारखा वाजे. मुंगीने एका पोत्यावर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. आईला घरी येऊ न देणाऱ्या गोष्टीला हात लागला की कसं वाटतं, ते तिला कळलं.

तिथून तिघं वर डेकवर आली. आरामखुर्च्यांवर एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मुख्याध्यापकांनी मावशीने दिलेली स्टीलची बाटली दोन्ही हातांनी सरळ धरली होती. बाईंनी प्लास्टिकच्या बाटलीचं सील कडकन तोडलं आणि सगळं पाणी काळजीपूर्वक स्टीलच्या बाटलीत ओतलं. ती भरली नाही. मग त्यांनी दुसरी बाटली फोडली.

तिघं बघतच राहिली. आजूबाजूच्या खुर्च्यांवरही हाच कार्यक्रम चालू होता. कड्, कड्, कड्. सगळ्या डेकवर जणू कोणी शेंगा फोडत होतं.

"आजोबा, हे काय करताय?" चिमटीने विचारलं.

"पर्यावरणरक्षण," मुख्याध्यापक म्हणाले. "फार चांगली योजना आहे. आम्ही आता प्लास्टिकला तोंडसुद्धा लावत नाही."

नळाचं पाणी का घेत नाही, असं वकिलाने विचारलं. मुख्याध्यापकांनी, आयुष्यभर ज्या बोटाने मुलांना वर्गाबाहेर काढलं असेल, ते बोट भिंतीकडे रोखलं. तिथे मावशीचा नवाकोरा चकचकीत नळ होता. नळाला तारेने एक लाल पाटी बांधली होती: काम चालू आहे. पाणी पिऊ नये.

"शाळेत जाता ना? मग वाचायलाही शिकला असाल," मुख्याध्यापक म्हणाले.

तिघांनी सगळे मजले पालथे घातले. प्रत्येक नळाला तीच लाल पाटी होती. काम मात्र कुठेच चालू नव्हतं. पाना नाही, शिडी नाही, कामगार नाही.

वकिलाचा संशय तत्काळ खानपान व्यवस्थापकांवर गेला. मुलं त्यांना हसरे साहेब म्हणत, कारण ते सदैव हसत असत. तिघांनी त्यांचा पाठलाग केला. साहेब जेवणघरात हसले, लिफ्टमध्ये हसले, मग सामानाच्या कोठीत शिरले. कोणी पाहत नाही अशी खात्री करून त्यांनी हसू उतरवलं आणि दोन्ही गाल बराच वेळ चोळले. घातपाती माणूस इतका थकलेला असेल, असं मुंगीला वाटलं नाही. ती सरळ पुढे गेली आणि तिने पाट्यांबद्दल विचारलं.

साहेबांचं हसू झटकन जागेवर आलं. ते म्हणाले की नळ त्यांचा, हे मान्य. परंतु नळात पाणी येतं पाइपातून, आणि पाइप इंजिनविभागाचा. पाटी पाण्याबद्दल आहे, म्हणजे पाइपाबद्दल, म्हणजे इंजिनविभागाची.

इंजिनविभागाचे प्रमुख कर्मचाऱ्यांच्या जेवणखोलीत सापडले. मुलं त्यांना इंजिनकाका म्हणत, पण त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. ते भिंतीवरच्या जुन्या नळाखाली पेला भरत होते. या नळाला पाटी नव्हती. त्यांनी पेला एका दमात रिकामा केला.

"काका, पाणी चांगलं आहे?" वकिलाने विचारलं.

"मी जिवंत दिसतोय ना?"

हे पाणी आणि वरच्या नळांचं पाणी वेगळं का, असं वकिलाने खोदून विचारलं. इंजिनकाका म्हणाले की जहाजावर गोड्या पाण्याची व्यवस्था एकच. सूप त्याच पाण्याचं, बर्फ त्याच पाण्याचा, प्रवासी दिवसभर ढोसतात तो चहाही त्याच पाण्याचा. मग पाट्या कशाला? ते त्यांना ठाऊक नव्हतं. पाट्या त्यांनी लावल्या नव्हत्या, आणि प्रवाशांच्या मजल्यांवर ते पाऊलही टाकत नसत, कारण तिथे गालिचे होते. त्यांच्या मते नळ खानपानवाल्यांचे, म्हणून पाट्याही खानपानवाल्यांच्या.

"तुम्ही काढून टाका ना मग," चिमटी म्हणाली.

इंजिनकाकांनी पेला असा आपटला की चिमटी वकिलामागे गेली. "पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा नियम मोडणाऱ्याला मी स्वतः समुद्रात फेकीन."

हा नियम मुंगीला पाठ होता. आईने तो तिला परीकथेच्या जागी सांगितला होता. माणूस यंत्र दुरुस्त करायला घेतो तेव्हा बटणावर लाल पाटी लावतो. त्याचा हात आत असतो. दुसऱ्या कोणी पाटी काढून बटण दाबलं तर? आईच्या जुन्या जहाजावर तसं झालं होतं आणि एका माणसाची बोटं गेली होती. तेव्हापासून आई प्रत्येक जहाजावर सगळ्यांना हा नियम शिकवायची, आणि जरबेने शिकवायची. म्हणजे मावशीने स्वतःच घालून दिलेल्या शिस्तीने जहाजावरचा एकूण एक माणूस मावशीच्याच नळांपासून हात लांब ठेवून उभा होता. मावशीसुद्धा. तिने चौकशी केली तेव्हा दोन्ही विभागांनी काम चालू असल्याचं सांगितलं होतं, कारण पाटीवर तसं लिहिलं होतं.

"झालं तर," वकील डेकवर परत येताच म्हणाला. "पाणी चांगलं आहे. कुठल्याही यंत्रात कोणाचा हात अडकलेला नाही. उपटायच्या पाट्या."

"नाही," मुंगी म्हणाली.

"अगं, तुझ्याच आईसाठी..."

"नाही म्हटलं ना! आज ही काढली तर उद्या कोणीतरी खरी काढेल. आईला ते चालणार नाही."

मुंगीला आवाज चढवताना त्या दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. वकिलाने पाटीकडे नेलेला हात मागे घेतला. चिमटीला मात्र हातांना काहीतरी उद्योग हवाच असतो. तिने नळावरच्या पाटीचा कोपरा चिमटीत धरून ती उलटी केली.

"ए, मागे माणूस आहे."

पाटीच्या मागच्या बाजूला प्लास्टिकखाली एक फोटो होता. पाटी कोणाची, ते समजावं म्हणून प्रत्येक पाटीमागे लावणाऱ्याचा फोटो असतो. दाट मिशी, बाहेर आलेले कान. नळ भिंतीलगत होता, पाटी सपाट बसली होती, आणि लाल रंगावरचं वाचून झाल्यावर ती उलटून पाहायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

वकील म्हणाला की हाच घातपाती, हा जहाजात कुठेतरी लपलाय. मुंगी फोटोकडे पाहत राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"तो लपला नाहीये," ती म्हणाली. "तो जहाजावरच नाहीये."

जहाजावर चढायच्या दिवशी अरुंद शिडीवर हा माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन उतरत होता आणि मुंगी चढत होती. ट्रंक कठड्यात अडकली. ती सोडवता सोडवता त्याने सांगितलं की तो घरी चाललाय, मुलगी झालीय, अजून तिला पाहिलेलं नाही. तू कुठे निघालीस, त्याने विचारलं. आईकडे, मुंगी म्हणाली. मग आपण दोघं एकाच कामाला निघालोय, असं म्हणून तो शिडीवरून जवळजवळ धावत गेला होता. त्या दिवशी मुंगीला त्याच्या मुलीचा थोडा हेवा वाटला होता.

आता सगळं जहाज त्याची वाट पाहत होतं, आणि तो घरी पाळणा हलवत होता.

चिमटी मावशीला सांगायला पळणार होती. वकिलाने तिला अडवलं. मावशी साहेबांकडे जाईल, साहेब नळ-पाइप करून तिला इंजिनकाकांकडे धाडतील, आणि इंजिनकाका परत साहेबांकडे. तोवर चहापान उरकलेलं असेल.

"दोघं एकाच खोलीत पाहिजेत," तो म्हणाला. "आणि खोलीत माणसं पाहिजेत. लोकांसमोर मोठ्यांना टोलवाटोलवी जमत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठं दालन भरलं होतं. कप्तानबाई पांढऱ्या गणवेशात, चेहऱ्यावर हवामानाच्या बातमीइतका भाव. इंजिनकाका गालिच्यावर अवघडून उभे. हसरे साहेब हसत. मावशी भिंतीला टेकून, हात पुढे बांधून. मुंगीला दिसलं की आईची बोटं एकमेकांना घट्ट धरून आहेत.

चहा वाटून झाला. लोकांनी पहिला घोट घेतला. कप्तानबाई बोलायला उठल्या, तेवढ्यात वकील खुर्चीवर उभा राहिला.

"साहेब, चहा फारच छान झालाय," तो म्हणाला. "पाणी कुठलं वापरता?"

साहेबांना आयुष्यात इतका आवडता प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी ऐटीत सांगितलं की पाणी आपल्या जहाजाचं स्वतःचं. समुद्रातून घेतलेलं, गाळलेलं, रोज तपासलेलं. जगात याहून शुद्ध पाणी शोधून दाखवावं.

मुख्याध्यापकांचा कप बशीवर टेकला. "मग नळांना पाटी का?"

साहेब इंजिनकाकांकडे पाहून हसले. इंजिनकाकांनी सांगितलं की पाट्या खानपानवाल्यांच्या. साहेबांनी सांगितलं की पाइप इंजिनवाल्यांचा. दोघांनी आपापली वाक्यं पुन्हा एकदा म्हटली आणि मग दोघांनाही ती स्वतःच्या कानांनी ऐकू आली. साहेबांचं हसू हळूहळू विझलं.

"पाटी कोणी लावली?" कप्तानबाईंनी विचारलं. "बोलवा त्याला."

मग दालनाच्या मागच्या बाजूने मुंगी चालत आली, सरळ रेषेत, मध्ये आलेल्या खुर्च्यांना वळसा घालत.

"पाटीमागे त्याचा फोटो आहे. तो घरी गेलाय," ती म्हणाली. "आपण निघालो त्याच दिवशी. त्याला मुलगी झालीय."

कप्तानबाईंनी एक पाटी होती तिथेच उलटून आपल्या डोळ्यांनी पाहिली आणि सर्वांसमोर फोन लावला. बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, त्यामागे तान्ह्या बाळाचं रडणं. कप्तानबाईंनी एवढंच विचारलं की तुमच्या पाट्यांचं काय.

"अरे देवा," तो माणूस म्हणाला. "पाट्या!"

नवे नळ बसवून त्याने ते औषध घालून धुतले होते. वास जाईपर्यंत पाट्या ठेवायच्या, दुपारी काढायच्या, असं ठरलं होतं. तेवढ्यात त्याला न्यायला गाडी आली. त्याने आपल्या जागी आलेल्या माणसाला हत्यारं दिली, किल्ल्या दिल्या, मुलीचं नाव काय ठेवावं हेही विचारलं. पाट्या राहिल्या. पाट्या आपण लावलेल्या नाहीत, म्हणून नव्या माणसाने नियमाप्रमाणे त्यांना हात लावला नाही.

इंजिनकाकांनी गालिचे तुडवत जाऊन प्रत्येक नळाचं पाणी तपासलं. ज्याने पाट्या लावल्या त्याने फोनवरून सगळ्यांच्या साक्षीने परवानगी दिली. मग मावशीने पहिली पाटी स्वतःच्या हाताने सोडली. तार सुटायला वेळ लागला, कारण तिला नीट दिसत नव्हतं.

"मी ती रोज वाचत होते," ती कप्तानबाईंना म्हणाली. "उलटून एकदाही पाहिली नाही."

मुख्याध्यापकांनी पहिली बाटली भरली, घोट घेतला आणि चव वेगळी असल्याचा अभिप्राय दिला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या की गेले कित्येक कप चहा तुम्ही हेच पाणी पीत आहात. मुख्याध्यापकांनी अभिप्राय मागे घेतला आणि तिन्ही मुलांची पाठ थोपटली. इंजिनकाका म्हणाले की या पोरांना माझ्या खात्यात घ्यायला हवं. त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच कौतुक, म्हणून ते खोकल्यासारखं वाटलं. कप्तानबाईंनी मुंगीशी हात मिळवला आणि योजना उरलेल्या सफरीत नव्याने तपासू, असं जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

त्या टाळ्यांतही मुंगीला बोळातली पोती आठवत होती. ती काही नाहीशी होणार नव्हती. पुढच्या बंदरावर ती उतरवायला अख्खी सकाळ गेली, आणि बंदरावरचा माणूस ती कुठे ठेवायची या विवंचनेत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. जहाज पुढे निघालं तेव्हाही तो तसाच उभा होता.

उरलेल्या दिवसांत डेकवरची कड्कड् थांबली आणि बोळ मोकळा झाला. शेवटच्या बंदराच्या आदल्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. जमिनीवरची नोकरी पक्की. फक्त बदली अधिकारी मिळेपर्यंत मावशीने आणखी एक सफर करावी. कदाचित दोन.

मावशीने हे मुलांना सांगितलं तेव्हा वकिलाने लगेच दुसरी बाजू मांडायला तोंड उघडलं. मुंगीचा चेहरा फोनच्या पडद्यावर थिजल्यासारखा झाला आणि ती केबिनमधून निघून गेली.

सकाळी मावशी कप्तानबाईंसमोर साध्या कपड्यांत हजर झाली. हातात हँगर, हँगरला तिचा गणवेशाचा कोट. कोटाच्या बटणाला तारेने लाल पाटी बांधलेली: काम चालू आहे. हात लावू नये.

कप्तानबाई आता शिकल्या होत्या. त्यांनी पाटी उलटली. मागे मुंगीचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो होता, दोन वेण्या आणि गंभीर डोळे.

"मला कोट घालता येत नाहीये," मावशी म्हणाली. "नियम आहे."

कप्तानबाईंनी मुंगीला बोलावलं आणि पाटी काढतेस का, असं रीतसर विचारलं. मुंगीने मान हलवली. नाही.

कप्तानबाईंनी फोन उचलून कार्यालयाला कळवलं की दुसरा अधिकारी आजच पाठवा, इथल्या अधिकाऱ्यांचा कोट वापराबाहेर आहे. पलीकडून कारण विचारलं गेलं. कप्तानबाई म्हणाल्या की सुरक्षेचं कारण आहे, आणि फोन ठेवला.

शिडीवरून उतरताना वकील आणि चिमटी पुढे होती. त्यांच्यामागे मावशी, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात मुंगीचा हात. अरुंद जागी ट्रंक कठड्यात अडकली. ती सोडवायची तर मुंगीचा हात सोडावा लागणार होता, म्हणून मावशी तशीच थांबली.

"मुंगे, ती पाटी कधी काढणार गं?" चिमटीने खालून विचारलं.

"अजून काम चालू आहे," मुंगी म्हणाली आणि आईच्या ट्रंकेला आपला मोकळा हात लावला.